लाडू-चिवड्याचा हिशोब

दिवाळी दोन आठवड्यांवर आली की पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक बातमी न चुकता येते. मार्केट यार्डातल्या भुसार व्यापाऱ्यांची संघटना, म्हणजे दि पूना मर्चंट्स चेंबर, ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर लाडू-चिवड्याची विक्री सुरू करते. सोबतच्या छायाचित्रात कुणी मंत्री, खासदार किंवा आयुक्त हातात पुडा धरून उभे असतात. तीन दशकांहून अधिक काळ हा उपक्रम चालला आहे आणि शहरभरच्या केंद्रांवर लोक पिशव्या घेऊन रांगा लावतात. या बातमीवर दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, व्यापाऱ्यांचे हे मोठे मन. दुसरी, आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा जुना प्रकार, वर्षभर गिऱ्हाइकाकडून घ्यायचे आणि दिवाळीत चार लाडू स्वस्तात देऊन पुण्य जोडायचे. दोन्ही प्रतिक्रियांत एकच चूक आहे, ती म्हणजे हा उपक्रम दानधर्म आहे असे दोघेही धरून चालतात. प्रत्यक्षात तो व्यापारच आहे, आणि चांगला केलेला व्यापार आहे. व्यापारी संघटनेने समाजासाठी नेमके काय करावे, या प्रश्नाचे उत्तर तिच्या देणग्यांच्या यादीपेक्षा या लाडवाच्या दरात अधिक स्पष्ट दिसते.

दुकानातल्या एक किलो चिवड्याच्या किमतीत काय काय असते ते पाहू. भाजके किंवा पातळ पोहे, शेंगदाणे, डाळे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता, मसाला आणि तेल हा झाला माल. त्यावर गॅस, आचाऱ्याची मजुरी, पुडा. मग दुकानाचे भाडे, वीज, नोकरांचे पगार, दिवाळीनंतर उरलेल्या मालाचा तोटा आणि मालकाचा नफा. शिवाय पोहे आणि डाळे मिठाईवाल्याकडे येईपर्यंत घाऊक व्यापारी, निमघाऊक विक्रेता अशा पायऱ्या ओलांडून येतात आणि प्रत्येक पायरीवर काही तरी चढते. लाडवाचेही तेच. हरभरा डाळीचे पीठ, साखर, तूप किंवा तेल यांचा भाव एकीकडे. बुंदी पाडणारा आणि पाक नेमका जमवणारा कारागीर दुसरीकडे. व्यापाऱ्यांची संघटना या कामात उतरते तेव्हा मधल्या पायऱ्या एकदम गळून पडतात. डाळ, साखर, तेल घेणारे तेच, विकणारेही तेच. कोणत्या गिरणीचे पीठ चांगले, कोणत्या आठवड्यात तेल घेतले तर परवडते, किती माल लागेल आणि किती उरेल, हे त्यांना विचारायला कुठे जावे लागत नाही. ते त्यांचे रोजचे काम आहे. भाडे आणि नफा वजा झाला की उरतो तो खरा खर्च. स्वस्ताई येते ती तिथून. एखाद्या दानशूराने फरक भरून काढला म्हणून आलेली स्वस्ताई आणि ही स्वस्ताई यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली दात्याचा हात आखडला की संपते. दुसरी व्यापाराचे कसब टिकेल तोवर टिकते.

याचा एक फायदा केंद्रावर रांग न लावणाऱ्यालाही होतो. चेंबरने दर जाहीर केला की त्या दिवाळीत एक किलो लाडवाचा खर्च साधारण कुठे बसतो, याचे माप प्रत्येकाच्या हाती येते. मिठाईवाल्याने त्याहून जास्त घेऊ नये असे कुणी म्हणत नाही. त्याचे तूप वेगळे, हात वेगळा, गल्ल्यामागचे भाडेही वेगळे. पण दीडपट घेतो आहे की तिप्पट, एवढे तरी गिऱ्हाइकाला कळते. उदाहरणार्थ, १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर आणि रिफाइंड तेलावरचे १२.५ टक्क्यांवरून ३२.५ टक्क्यांवर नेले. सोयाबीन उत्पादकाला आधार मिळावा, हा हेतू होता. पण कढया चढायच्या हंगामात तेल कडाडले आणि फराळाच्या दराला ‘तेल महागले ना’ हे एकच उत्तर मिळू लागले. तेल महागले हे खरेच. पण त्यामुळे किलोमागे किती वाढायला हवे होते, हे सामान्य माणसाने कशावरून ठरवावे? त्या वेळी बाजाराच्या आतल्या माणसाने, नफा न घेता लावलेला दर हीच सर्वांत भरवशाची पट्टी असते.

आता चेंबरचे, किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या व्यापारी संघटनेचे, बाकीचे ‘सामाजिक उपक्रम’ पाहा. रक्तदान शिबिर, वह्यावाटप, वृक्षारोपण, गुणवंत पाल्यांचा सत्कार, पालखीच्या वाटेवर वारकऱ्यांना चहा-नाश्ता. यांतले एकही काम वाईट नाही. पण यांतले प्रत्येक काम गणेश मंडळ, महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजना किंवा कॉलनीतला ज्येष्ठ नागरिक संघही तितकेच नीट करतो. वह्या वाटायला व्यापाऱ्यांची संघटना कशाला हवी? संघटनेकडे असे काही तरी असते जे इतरांकडे नसते: मालाची पारख, खरेदीची ताकद, गोदाम, वाहतूक, उधारी-वसुलीची समज आणि सरकारी कार्यालयांत ऐकला जाणारा आवाज. हे भांडवल बाजूला ठेवून चेक फाडणे म्हणजे सुताराने लग्नात आहेर म्हणून दुकानातली खुर्ची विकत आणण्यासारखे आहे.

पुण्यातच याचा दुसरा दाखला आहे. आ. रा. भट यांच्या पुढाकाराने १९३४ साली मराठा चेंबर उभे राहिले. मराठी माणसाने उद्योगात उतरावे, त्याला कच्चा माल, परवाने, भांडवल यांची माहिती मिळावी, हे या संघटनेचे काम होते. पुढे नावात उद्योगाबरोबर शेतीचाही समावेश झाला. ही संघटना सामान्य पुणेकराच्या खऱ्या अर्थाने उपयोगी पडली ती करोनाच्या साथीत. तिच्या पुढाकाराने उद्योजक, डॉक्टर आणि प्रशासन ‘पुणे प्लॅटफॉर्म फॉर कोविड-१९ रिस्पॉन्स’ या नावाने एकत्र आले. २०२१च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी लोक वणवण करत होते, तेव्हा ‘मिशन वायू’ या मोहिमेतून परदेशातून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि बायपॅप यंत्रे आणून रुग्णालयांना दिली गेली. पैसे त्या काळात अनेकांनी दिले. परदेशातला पुरवठादार शोधणे, यंत्राचा दर्जा तपासणे, विमानात जागा मिळवणे, सीमाशुल्काचे कागद पुरे करणे आणि माल नेमक्या ठिकाणी उतरवणे, हे रोज आयात-निर्यात करणाऱ्यालाच जमते. लाडू आणि ऑक्सिजन यांची तुलना कुणाला विचित्र वाटेल. पण दोन्हींच्या मागे कसब एकाच जातीचे आहे.

कायद्याने हा विचार फार पूर्वी केला आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनेचे उत्पन्न ‘धर्मादाय’ म्हणून करमुक्त असावे का, हा प्रश्न आंध्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या खटल्यात १९६०च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. व्यापार-उद्योगाला चालना देणे हा सार्वजनिक उपयोगाचा हेतू ठरतो, कारण त्याचा लाभ सभासदांपुरता राहत नाही. सभासदांना ओघाने काही मिळाले म्हणून हेतूचे सार्वजनिकपण जात नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. पुढे २००८च्या वित्त कायद्याने शुल्क घेऊन व्यापारी स्वरूपाचे काम करणाऱ्या संस्थांसाठी ही वाट बरीच अरुंद केली. तो कराचा भाग वेगळा. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, चेंबरचा धर्मादायपणा न्यायालयाने तिच्या मूळ कामात, म्हणजे व्यापार नीट चालवण्यात शोधला. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचे कारण नाही. व्यापाऱ्यांनी आपले हित जपावे, पण त्याला लोकहिताची कसोटी लावून घ्यावी.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो व्यापाऱ्यांकडूनच येतो. आम्ही चोख माल देतो, कर भरतो, लोकांना रोजगार देतो. याहून वेगळे देणे कसले? एकट्या दुकानदाराने हे म्हटले तर ते मान्य व्हावे. संघटनेला ते म्हणता येणार नाही, कारण संघटनेकडे दुकानदाराकडे नसलेली सत्ता असते. राज्याच्या १९६३च्या बाजार समिती कायद्यातच आडते-व्यापाऱ्यांना समितीवर दोन जागा आहेत. बंदची ताकद त्याहून मोठी. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून स्थानिक संस्था कर (एलबीटी) लागू झाला, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-मुंबईतल्या बाजारपेठा कित्येक दिवस बंद राहिल्या. पुढे १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना त्या करातून सूट मिळाली. २०२२च्या जुलैत पाकीटबंद अन्नधान्यावर पाच टक्के जीएसटी आला, तेव्हाही धान्यबाजार एक दिवस बंद राहिले. या दोन्ही लढ्यांत व्यापाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. एलबीटीच्या नोंदी ठेवणे लहान दुकानदाराला खरोखर जाच होता. आणि जीएसटी २५ किलोपर्यंतच्या पाकिटांनाच होता म्हणून २६ किलोचे कट्टे बाजारात आले, यावरून त्या करातली गंमतही दिसली. पण गावाचे धान्य एका हाकेसरशी ज्याला थांबवता येते, त्याला ‘आम्ही फक्त आमचा धंदा करतो’ असे म्हणता येत नाही. ज्या हाताने शटर ओढता येते, त्याच हाताने ते उघडे ठेवण्याची हमीही द्यावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो सहज झटकून टाकता येत नाही. दिवाळीचा फराळ हा आज हजारो घरांचा हंगामी आधार आहे. बचत गटांच्या बाया, घरगुती चकली-चिवडा करणाऱ्या काकू, गल्लीतला छोटा फरसाणवाला या चार आठवड्यांत वर्षाची गंगाजळी जमवतात. मोठ्या संघटनेने त्याच वेळी ना नफा ना तोटा दर लावला की यांच्या पोटावर पाय येतो. चेंबरचा बुंदीचा लाडू आणि घरचा रव्याचा किंवा बेसनाचा लाडू यांचे गिऱ्हाईक काहीसे वेगळे असते, हे खरे. चकली, अनारसे, करंजी ही नाजूक कामे घाऊक कढईत होतही नाहीत. तरी चिवड्यापुरती ही स्पर्धा खरी आहे, आणि ती विषम आहे. बचत गटातली बाई पोहे घेते किरकोळ दुकानातून, तेल घेते पाऊच फोडून. तिचा माल हातात येण्यापूर्वीच महाग झालेला असतो. यावर उपक्रम बंद करणे हा उपाय नाही. ज्या भावाने चेंबर स्वतःच्या कढईसाठी डाळ, साखर, पोहे आणि तेल घेते, त्याच भावाने तोच माल नोंदणीकृत बचत गटांना दिवाळीपूर्वीचा महिनाभर द्यावा. लाडू कमी विकले गेले तरी चालतील, शहरात स्वस्त फराळ जास्त होईल. आणि व्यापाऱ्याला जे सर्वांत चांगले येते, म्हणजे घाऊक खरेदी, तेच त्याने केलेले असेल.

ज्या यार्डात हे सगळे घडते, तिथेच स्वस्त अन्नाची आणखी एक परंपरा आहे, आणि तिचा उल्लेख चेंबरच्या कौतुकात क्वचित होतो. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. तिथे भाकरी-भाजी कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात मिळते, आणि ती दिवाळीपुरती नव्हे, बारा महिने मिळते. पाठीवर पोते वाहणाऱ्यांच्या संघटनेने जे वर्षभर केले, ते पोत्यांच्या मालकांच्या संघटनेने पंधरा दिवस करावे, हा फरक सांगण्यासारखा आहे. १९६९च्या माथाडी कायद्याने हमालाला मंडळ, भविष्य निर्वाह निधी मिळाला. तरी हमाली, वाराई आणि तोलाईच्या दरांवरून यार्डात दर काही वर्षांनी ताणतणाव होतातच. या दोन संघटना एकमेकींसमोर नेहमी वाटाघाटीच्या टेबलावरच बसतात. ज्यांना धान्याचा खरा भाव माहीत आहे ते आणि ज्यांना रोज जेवण पुरवण्याचा पन्नास वर्षांचा अनुभव आहे ते, एखाद्या स्वयंपाकघरातही शेजारी बसू शकतील. ही सूचना भाबडी वाटेल. पण दोघांचे गिऱ्हाईक एकच आहे.

उरला प्रसिद्धीचा मुद्दा. छायाचित्र काढून घेतले म्हणून उपक्रम खोटा होत नाही. देवळाच्या पायरीवरही देणगीदाराची नावे कोरलेली असतात आणि पायऱ्या सर्वांना चढता येतात. प्रसिद्धीत अडचण निराळीच आहे. ‘ना नफा ना तोटा’ हे विधान आहे आणि विधान तपासता आले पाहिजे. दर छापला जातो, खर्च मात्र लोकांसमोर मांडला जात नाही. चेंबरचे सभासद पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहिणारे. रात्री गल्ला मिळवल्याशिवाय गाळ्याला कुलूप न लावण्याची त्यांची रीत. त्यांना हे अवघड जाऊ नये. येत्या दिवाळीला प्रत्येक विक्री केंद्रावर दराच्या पाटीशेजारी दुसरी पाटी लावा: डाळ इतक्याला घेतली, साखर इतक्याला, तेल इतक्याला, मजुरी इतकी, पुडा इतका, एकूण इतके. खाली तारीख आणि सही.