दुधाचा दात आणि अणुचाचणीची धूळ

गेल्या आठवड्यात एक सहा वर्षांचा मुलगा हलणारा दात दाखवायला दवाखान्यात आला. जरा दाबताच दात हातात आला. आईने तो कागदात गुंडाळून घेतला. घरी गेल्यावर उंदीरमामाचे नाव घेऊन कौलांवर टाकायचा होता. मला मात्र अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या आया आठवल्या. त्यांनी मुलांचे असेच पडलेले दात पोस्टाने शास्त्रज्ञांकडे पाठवले होते.

१९५० च्या दशकात बड्या राष्ट्रांच्या अणुचाचण्या उघड्यावर होत. त्यांची किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर हजारो मैल जाई आणि पावसाबरोबर खाली येई. त्या धुळीतले स्ट्रॉन्शियम-९० शरीराला कॅल्शियमसारखेच वाटते. गवतावर पडले की गाईच्या पोटात, तिथून दुधात आणि दुधातून बाळाच्या हाडांत व दातांत. निम्मे नाहीसे व्हायलाच त्याला सुमारे २९ वर्षे लागतात.

पण शरीरात ते किती गेले हे मोजायचे कसे? जिवंत मुलाचे हाड कोण काढून देणार? अमेरिकी सरकारच्या ‘प्रोजेक्ट सनशाइन’ने गुपचूप वाट काढली. देशोदेशींच्या मृत अर्भकांची हाडे गोळा केली, आणि तीही बहुतेकदा आईबापांना न विचारता. नाव सूर्यप्रकाशाचे आणि काम अंधारातले! सरकारी चौकशी समितीने हा प्रकार नीट तपासला तो १९९५ च्या सुमारास.

दुसरी वाट साधी होती. दुधाच्या दाताचा वरचा भाग बाळ पोटात असताना आणि पहिल्या वर्षात घडतो. म्हणजे सातव्या वर्षी पडलेला दात हा त्या वेळी आईने आणि बाळाने काय घेतले याचा दाखलाच. १९५८ मध्ये हर्मन कालकार या शास्त्रज्ञाने असे दात जमवण्याची सूचना केली, आणि त्याच वर्षी सेंट लुईसमध्ये कामाला सुरुवातही झाली. पहिली काही वर्षे डॉ. लुईस रीस या बाईंनी ते सांभाळले. दाताबरोबर एक कार्ड भरून द्यायचे: जन्मतारीख, गरोदरपणी आई कुठे राहत होती, बाळ अंगावर पीत होते की बाटलीने. मुलाला बदल्यात छातीवर लावायला बिल्ला मिळे. एका दातात स्ट्रॉन्शियम इतके थोडे, की एका वयाचे, एका भागातले बरेच दात एकत्र करून मोजावे लागत. १९७० पर्यंत सुमारे तीन लाख दात जमले.

१९६१ मध्ये पहिले आकडे छापून आले. चाचण्या वाढल्या तसे दातांतले स्ट्रॉन्शियमही वाढले होते. दातात स्ट्रॉन्शियम सापडले म्हणजे मूल आजारी पडलेच, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. हे मोजमाप होते, निदान नव्हे. तरी आयांना आपल्या घरातला आकडा कळला, आणि उघड्यावरच्या चाचण्यांविरुद्ध आवाज वाढला. १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ व ब्रिटन यांनी अशा चाचण्या थांबवण्याचा करार केला. तो केवळ दातांमुळे झाला असे कोणी म्हणणार नाही, पण दातांचा त्यात वाटा होता.

हे सगळे सांगण्याचे कारण आपल्या गावातलेच आहे. शाळेत तपासणी शिबिर होते, मुलांच्या बोटाला टोचून रक्त घेतात, रकाने भरून कागद वर जातात. परवाच्या त्या आईला मी विचारले, “याचं हिमोग्लोबिन किती आलं होतं?” ती म्हणाली, “ते काही सांगितलं नाही हो, डॉक्टर.” माझे मत स्पष्ट आहे: ज्याच्या अंगातून नमुना घेतला, त्याच्या घरी आकडा गेलाच पाहिजे, आणि तोही त्याला समजेल अशा भाषेत. पुढच्या शिबिरात मुलाच्या वहीत आकडा लिहून मागा. संकोच करू नका.

सेंट लुईसचे सुमारे ८५,००० दात पुढे विसरले गेले. २००१ मध्ये ते विद्यापीठाच्या एका जुन्या कोठारात सापडले. दातांबरोबर आयांनी भरलेली कार्डेही होती.