कैदेतल्या शौर्याला पदक का नको?



‘पकडल्या गेलेल्याला पदक कशाचे?’ हा काही पत्रलेखकांचा सवाल खटकला. १९७१ च्या युद्धात फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकरांचे सुखोई विमान पडले, ते कैद झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये सहकैदी ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून ते निसटले आणि थेट अफगाण सरहद्दीजवळच्या लंडी कोतलला पोहोचले! तिथे पुन्हा सापडले, म्हणून धाडस उणे ठरते?

अमेरिकेने १९८५ मध्ये युद्धकैद्यांसाठी स्वतंत्र पदक मंजूर केले. आपल्याकडे जखमी जवानाला पराक्रम पदक आहे (ते योग्यच), पण कैद भोगलेल्याला तसे काही नाही. परुळकर २०२५ मध्ये गेले. त्यांच्या पिढीतले जे हयात आहेत, त्यांच्यासाठी तरी संरक्षण मंत्रालयाने युद्धकैदी पदक सुरू करावे आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडून नावे मागवावीत.

– एक माजी सैनिक, सोलापूर