वस् एक नव्हे

वाशी हे नाव कुठून आलं, या प्रश्नाला धाराशिव जिल्ह्यात एक तयार उत्तर मिळू शकतं : संस्कृत वस् धातू, त्यावरून वास, वासावरून वाशी. उत्तर ऐकायला गोड आहे. पुरावा मात्र एकच, तो म्हणजे आवाजातलं साम्य. तेवढ्यावरच भागत असेल तर ऋग्वेदात वाशी हा शब्द जसाच्या तसा आहे. तिथे तो सुताराच्या तासणीला आणि मरुतांच्या शस्त्राला लावला आहे. तोही चालेल? वास म्हणजे गंधसुद्धा होतो, पण तिकडून गावाचं नाव कुणी काढत नाही, कारण गावकऱ्यांना ते रुचणार नाही. याच जिल्ह्यातलं तेर पाहा. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात तगर नावाची बाजारपेठ येते, आणि ती म्हणजेच तेर असं फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. तगरातला ग गळून तेर होणं मराठीच्या उच्चारनियमांत बसतं, आणि जुन्या नावाला लेखी आधारही आहे. ग्रामनामाचा दावा असा करतात.

पण माझं खरं भांडण गावाशी नसून त्या एकट्या वस् शी आहे. वस्ती, वस्त्र, वसूल या सगळ्यांना एकाच धातूच्या दारात उभं करायची आपल्याकडे हौस आहे. यातला वसूल अरबी, आणि १९४८ पर्यंत निजामी अंमलात राहिलेल्या या मुलखाला तरी ते सांगावं लागू नये. उरले वस्ती आणि वस्त्र. अंगावर वसतं ते वस्त्र, ही फोड कीर्तनात शोभते. व्युत्पत्तीत नाही. पाणिनीय धातुपाठानेही राहण्याचा वस् भ्वादि गणात आणि नेसण्याचा वस् अदादि गणात असे वेगवेगळे घातले आहेत.

ते मुळातच वेगळे होते याची साक्ष अनातोलियातून मिळते. तुर्कस्तानातल्या बोगाझकोय इथे १९०६ पासून मातीच्या हजारो पाट्या निघाल्या. ह्रोझ्नी यांनी १९१५ साली त्यांतली हिटाइट भाषा इंडो-युरोपीय असल्याचं दाखवलं. तिच्यात वस् च्या जागी तीन क्रियापदं आहेत : हुइस् म्हणजे जगणं, वेस् म्हणजे अंगावर घालणं, आणि वास् म्हणजे विकत घेणं. तिसऱ्याचं नातं ऋग्वेदातल्या वस्न, म्हणजे किंमत, या शब्दाशी आहे. पहिल्याच्या आरंभीचा घशातला ह इतर दोघांत नाही. संस्कृतात तो ह गळाला, आणि तिन्ही शब्द कानाला एक झाले. असे लुप्त ध्वनी असले पाहिजेत हे सोस्यूर यांनी १८७९ साली केवळ तर्काने मांडलं होतं. कुरिलोविच यांनी १९२७ साली त्यांचा हिटाइट ह शी मेळ घातला. ग्रीकचीही साक्ष जुळते : ‘रात्र काढली’ या अर्थाच्या अएसा या रूपात त्या ह च्या जागी आरंभी अ आहे, नेसण्याच्या ग्रीक शब्दात नाही.

हिटाइट ही संस्कृतचीच लेक, असं म्हणणाऱ्यांचीही इथेच अडचण होते. आईने गमावलेला ध्वनी लेकीकडे कुठून आला? बोगाझकोयच्या तहनाम्यात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य आहेत हे खरं. पण ते देव तहातल्या दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे शेजारच्या मितान्नी राज्याच्या राजाच्या बाजूचे, हिटाइट भाषेच्या शब्दसंपत्तीतले नव्हेत.

आता हुइस् चा अर्थ. संस्कृत वसति आणि ग्रीक अएसा दोन्हींत रात्रीचा मुक्काम आहे, म्हणून मूळ अर्थ ‘रात्र काढणं’ असा काही जण लावतात. मराठी माणसाला ते लगेच पटेल, कारण आपणही पाहुण्याला वस्तीला राहा म्हणतो आणि गावात रात्रभर थांबणाऱ्या एस.टी.ला वस्तीची गाडी म्हणतो. पटलं तरी ते पुरेसं नाही. हुइस् चा विरोध मरण्याशी आहे. त्यापासून झालेलं हुइस्नु म्हणजे जिवंत ठेवणं, आणि हुइसू म्हणजे कच्चं, ताजं. माझ्या मते त्याला जगणंपेक्षा आपलं तगणं जास्त शोभतं : दुखण्यातून तगणं, दुष्काळात तगणं. तगून राहणं हा अर्थ मुळाशी धरला, तर रात्रीचा मुक्काम, घर करून राहणं आणि जीव वाचणं, तिन्ही त्यातून निघतात. रात्र मुळाशी धरली, तर कच्च्या मांसाचा हुइसू बाहेर पडतो. हिटाइट कायद्याच्या पाट्यांत काही गुन्ह्यांचा निकाल राजावर सोडलेला आहे : त्याने मारावं किंवा हुइस्नु करावं. तिथे राजा गुन्हेगाराचा जीव राखतो, त्याच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय करत नाही.