उजेड त्यांचा, पारा आपल्या वाट्याला

संक्रांत जवळ आली की वस्तीत काच कुटायचा आवाज सुरू होतो. पोरं कुठून कुठून जुन्या ट्यूबलाइट गोळा करून आणतात. ट्यूबची काच पातळ असते, लवकर बारीक होते, मांज्याला धार चांगली येते, असं त्यांचं म्हणणं. गेल्या हिवाळ्यात आम्ही एका गल्लीत लहान मुलांची वजनं घ्यायला गेलो होतो. एका घराच्या ओट्यावर तीन मुलं खलबत्त्यात काच कुटत बसली होती. तोंडाला फडकंसुद्धा नाही. बाजूला पांढऱ्या पावडरीचा थर साचलेला, आणि त्याच ओट्यावर एक गरोदर ताई तांदूळ निवडत होती. ट्यूब कुठून आणल्या, असं विचारलं तर मुलं म्हणाली, "पलीकडच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळ्या काढून टाकल्यात. मागं ढीग पडलाय. फुकट आहेत."

त्या फुकट ढिगाबद्दलच आज बोलायचं आहे.

सध्या दुकानं, ऑफिसं, क्लासेस, दवाखाने, कारखाने, सगळीकडे जुन्या ट्यूब काढून एलईडी बसवतात. चांगलीच गोष्ट आहे. वीजबिल कमी होतं आणि एलईडीत पारा नसतो. पण भिंतीवरून उतरलेल्या जुन्या ट्यूबचं काय होतं? मालक इलेक्ट्रिशियनला सांगतो, घेऊन जा. इलेक्ट्रिशियन चोक आणि पट्टी भंगारात विकतो, कारण त्यात तांबं आणि लोखंड असतं. नळीला भाव नाही. ती जिन्याखाली पडते, नाहीतर कचऱ्यात जाते. अख्खी नळी कचऱ्याच्या डब्यात मावत नाही, मग कोणीतरी ती फोडतं. ते फोडणारे हात कोणाचे असतात, हे आपल्या वस्तीला सांगायला नको.

एका व्यापारी इमारतीत झाडलोट करणाऱ्या ताईंनी आम्हाला त्यांचा हात दाखवला होता. अंगठ्याजवळ चार टाके. मुकादमाने सांगितलं होतं, ट्यूब गोणीत घाला, वरून पाय द्या, म्हणजे जागा कमी लागेल. त्या दिवशी त्यांनी दोन मजल्यांच्या ट्यूब अशा फोडल्या. घसा खवखवला, डोकं दुखलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी काच कशाची, हे विचारलं नाही. ताईंनीही सांगितलं नाही, कारण त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं की नळीत काचेशिवाय आणखी काही असतं.

काय असतं नळीत? आतल्या पांढऱ्या पावडरीवर आणि पोकळीत थोडा पारा असतो. पाऱ्याच्या वाफेतून वीज गेली की न दिसणारे किरण निघतात आणि ते पावडरीवर पडले की आपल्याला उजेड दिसतो. म्हणजे पाऱ्याशिवाय ही ट्यूब पेटतच नाही. वळणाच्या सीएफएल बल्बमध्येही तेच.

पाऱ्याशी आमची ओळख जुनी आहे. नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही वॉर्डात लागलो, तेव्हा काचेचे थर्मामीटर होते. एखादा फुटला की आम्ही पाऱ्याचे गोळे तळहातावर घेऊन फिरवायचो, गंमत वाटायची. सीनियर सिस्टर ओरडायच्या, पण ते थर्मामीटरचे पैसे कापतील म्हणून. पाऱ्याची वाफ होते, ती डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नाही आणि श्वासातून ती सरळ रक्तात जाते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही शिकलेल्या होतो, तरी माहीत नव्हतं. मग कचरा उचलणाऱ्या ताईला दोष कसा द्यायचा?

आता हिशेब नीट समजून घेऊ, म्हणजे उगाच घाबरायलाही नको. ताप मोजायच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. एका ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम, जुन्या जाड नळ्यांत जास्त. पाच मिलिग्रॅम धरले तर शंभर ट्यूब म्हणजे एक थर्मामीटर. घरात एखादी ट्यूब फुटली तर दवाखान्यात पळायची गरज नाही. खिडक्या उघडा आणि नीट साफ करा. धोका आहे तो रोज, बंद जागेत, शेकड्यांनी ट्यूब फोडणाऱ्याला. पारा पावडरीत मुरलेला असतो. नळी फुटल्यावर पुढचे काही दिवस त्यातून वाफ येत राहते. भंगाराच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात काय होत असेल, याचा विचार करा.

अशी वाफ बराच काळ श्वासात गेली की हात थरथरतात, झोप लागत नाही, माणूस चिडचिडा होतो, विसरायला लागतो, हिरड्या सुजतात. मूत्रपिंडावरही परिणाम होतो. गरोदर बाईच्या श्वासातला पारा वारेतून बाळापर्यंत जातो आणि बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो. यातली बरीचशी लक्षणं दारूवर, वयावर किंवा टेन्शनवर ढकलली जातात. म्हणून ज्यांच्या कामात ट्यूब फुटतात, त्यांनी डॉक्टरांना स्वतःहून सांगावं, "मी ट्यूब फोडायचं काम करतो." लघवीतला पारा मोजता येतो. पण कामाचं सांगितलं नाही तर ती तपासणी कोणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि पारा शेडमध्येच थांबत नाही. डम्पिंगवर गेला की पावसाबरोबर नाल्यात, नाल्यातून नदीत, खाडीत जातो. पाण्यात त्याचं आणखी विषारी रूप तयार होतं आणि ते माशांत साठतं. जपानमधल्या मिनामाता गावात एका रासायनिक कारखान्याचं असं पाणी समुद्रात जात होतं. मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांना झटके येऊ लागले, मुलं अपंग जन्मली. १९५६ साली हा आजार अधिकृतपणे नोंदला गेला. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये जगातल्या देशांनी पाऱ्याविरुद्धचा करार केला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. याच कराराखाली २०२३ मध्ये असं ठरलं की साध्या वापराच्या फ्लुओरेसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करायची.

म्हणजे ट्यूब जाणार, हे नक्की. पण जाताना एक शेवटचा मोठा ढीग मागे ठेवून जाणार. तो ढीग कोण उचलणार आणि कसा, हे याच दोन-चार वर्षांत ठरणार आहे. गप्प बसलो तर नेहमीसारखंच ठरेल. या देशात घाण कोणी उचलायची हे जातीने ठरवलं. आता विषारी घाणही त्याच हातांत सरकवली जातेय आणि तिला कोणी विष म्हणतसुद्धा नाही.

कायदा काय म्हणतो, ते आपल्या घरात माहीत असलं पाहिजे. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या यादीत फ्लुओरेसंट आणि पारा असलेले इतर दिवे स्पष्टपणे घातलेले आहेत. ज्या संस्थेने वर्षभरात यादीतल्या हजार किंवा जास्त वस्तू वापरल्या, मग त्यात संगणक, प्रिंटर, एसी, ट्यूब सगळं आलं, ती मोठी ग्राहक ठरते. मॉल, मोठं रुग्णालय, कॉलेज, आयटी कंपनी, सरकारी कार्यालय यात सहज बसतात. त्यांनी ई-कचरा फक्त नोंदणी असलेल्या उत्पादकाला, दुरुस्ती करणाऱ्याला किंवा रिसायकलरलाच द्यायचा आहे. भंगारवाल्याला नाही, घंटागाडीत नाही, सफाईच्या ठेकेदाराला तर नाहीच. नोंदणी असलेल्यांची नावं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असतात. नीट व्यवस्था असलेल्या ठिकाणी ट्यूब बंद यंत्रात फोडतात, वाफ आत ओढून घेतात आणि काच, अ‍ॅल्युमिनियमची टोपणं आणि पावडर वेगळी करतात. हे काम पायाने आणि गोणीने करायचं नसतं.

छोट्या दुकानाला हजार वस्तूंचा नियम लागत नाही. पण तिथेही मोकळीक नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या ट्यूब आणि सीएफएलला घातक कचऱ्यात धरलं आणि तो वेगळा जमा करण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र उभं करायला पालिकेला सांगितलं. आपल्या वॉर्डात ते केंद्र कुठे आहे? दहा लोकांनी एकत्र जाऊन वॉर्ड ऑफिसात एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा आणि अर्जाची पोच घ्यावी.

कायद्यात एक मोठी फट आहे, तीही सांगतो. कंपन्यांनी किती ई-कचरा रिसायकल केला, याची प्रमाणपत्रं सोनं, तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम या धातूंवर मोजली जातात. पाऱ्याचा त्यात हिशेब नाही. ज्या वस्तूत सोनं आहे तिच्यामागे सगळे धावतात. ज्या वस्तूत विष आहे ती नेण्यासाठी उलट पैसे मोजावे लागतात, म्हणून ती नकोशी होते. आमचं मत असं आहे की ट्यूबचा हिशेब नगावर ठेवावा. कंपनीने जेवढ्या नळ्या विकल्या, त्यातल्या इतक्या अख्ख्या परत घेतल्या हे दाखवावं आणि खर्च तिनेच करावा. ट्यूब विकून नफा कंपनीने कमावला, उजेडात धंदा मालकाने केला. मग पाऱ्याचा खर्च सफाई कामगाराच्या फुफ्फुसाने का भरायचा?

आमचेच काही भाऊ म्हणतात, "सिस्टर, तुम्ही नियम सांगता, पण भंगारावर आमचं घर चालतं. टोपणांचे चार पैसे मिळतात, तेही बंद करणार का?" हा प्रश्न खरा आहे. भंगाराचा धंदा बंद करा असं आम्ही म्हणत नाही. चोक विका, पट्टी विका, वायर विका. पण नळी फोडू नका. टोपणातल्या अ‍ॅल्युमिनियमचे पैसे मोजा आणि दवाखान्याच्या एका फेरीचे मोजा. अख्ख्या ट्यूब जमा करून रिसायकलरपर्यंत पोचवणं हेसुद्धा काम आहे, त्याची मजुरी मिळाली पाहिजे, आणि ती मागणी आपण लावून धरली पाहिजे.

आता करायचं काय ते सांगतो. आपल्यातही धंदे करणारे आहेत. शिलाईचं युनिट, पार्लर, झेरॉक्स, क्लास, इलेक्ट्रिकचं दुकान. विहारात आणि अभ्यासिकेतही ट्यूब बदलल्या जातात. सुरुवात तिथून करा.

एलईडी घेताना दुकानदाराशी आधीच बोला की जुन्या ट्यूब परत न्यायच्या. नव्या ट्यूबचे पुठ्ठ्याचे खोके फेकू नका, जुनी नळी त्यातच आडवी ठेवा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: आत पारा आहे, फोडू नये. कोरड्या जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि किती नग आहेत ते वहीत लिहा. एका दुकानाच्या दहा ट्यूबसाठी कोणी गाडी पाठवणार नाही. म्हणून बाजारातल्या सगळ्या दुकानांनी मिळून एकाच ठिकाणी जमा करा आणि एकदम उचलायला लावा. नेणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागा आणि पावती जपून ठेवा.

जे सफाईचं काम करतात त्यांनी, शक्यतो चार जणांनी मिळून, मुकादमाला सांगावं: अख्खी नळी वेगळी ठेवतो, फोडणार नाही, या ट्यूब ठेकेदाराच्या गाडीत जात नाहीत. एकट्याला सांगायची भीती वाटत असेल तर युनियनकडून किंवा मंडळाकडून मालकाला पत्र द्या. पत्र लिहायला आम्ही मदत करू.

घरात किंवा दुकानात ट्यूब फुटली तर पंखा बंद करा, दार-खिडक्या उघडा, मुलांना आणि गरोदर बाईला बाहेर काढा आणि स्वतःही दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा. झाडू मारू नका, झाडूने पावडर उडते. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. सगळं झाकणाच्या बरणीत किंवा दोन जाड पिशव्यांत बांधा. हात साबणाने धुवा. घंटागाडीवर देताना तोंडाने सांगा की यात फुटलेली ट्यूब आहे. घेणारा हात आपल्याच माणसाचा असतो.

आणि मुलांना दोन गोष्टी बजावा. ट्यूबची काच कुटून मांजा करायचा नाही. मिरवणूक कोणाचीही असो, अंगावर ट्यूब फोडायचे खेळ करायचे नाहीत. त्यात शौर्य काही नाही. समोर उभ्या असलेल्या लहान मुलांच्या श्वासात ती पावडर जाते.

त्या ओट्यावरच्या मुलांना आम्ही हे सगळं सांगितलं. त्यांनी खलबत्ता बाजूला ठेवला. आम्ही काच गोळा करून बांधली आणि ओटा ओल्या कागदाने पुसला. मग ती ताई म्हणाली, "माझा नवरा त्याच कॉम्प्लेक्समध्ये झाडू मारतो. तो ढीग उद्या त्यालाच उचलायला लावतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहा जणी त्या इमारतीच्या ऑफिसात गेलो. मॅनेजर आधी म्हणाले, आमचा काय संबंध, ठेकेदाराला विचारा. नियम सांगितल्यावर त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या. ढीग झाकला गेला, नोंदणी असलेला रिसायकलर शोधायला पंधरा दिवस लागले, आणि अर्ध्या ट्यूब तोवर फुटून गेल्या होत्या. पण उरलेल्या अर्ध्या खोक्यांतून गेल्या. त्या त्या ताईच्या नवऱ्याच्या पायाखाली आल्या नाहीत.

तुमच्या वस्तीजवळही असा ढीग असेल. आज कामावरून येताना बघून या.