साखर सांभाळली, ताकदीचं काय?

मैत्रिणींनो, मधुमेह निघाला की आधी भात बंद होतो, मग गोड, आणि हळूहळू ताटच रिकामं होतं. माझ्या सासूबाई अर्धी भाकरी अन् पातळ आमटीवर आल्या. साखर आटोक्यात आली, पण जमिनीवरून उठताना हात द्यावा लागू लागला. रक्तातली साखर वापरणारे स्नायूच झिजले, तर पथ्याचा उपयोग काय? उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज किमान १ ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात असतात सुमारे ६ ग्रॅम. म्हणून दोन्ही वेळा घट्ट वरण, उसळ, दही किंवा अंडं वाढा, थोडं चालवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि तळाची डाळ शेवटी जेवणाऱ्या बाईसाठीही राखा!