विश्लेषण : १५ वर्षांच्या मोटारीचा सांगाडा गंजला, दुरुस्ती करावी की गाडी भंगारात द्यावी?

२०१०-११ च्या सुमारास घेतलेल्या खासगी मोटारींची १५ वर्षांची नोंदणी सध्या संपते आहे. इंजिन ठणठणीत असते, रंगही चकचकीत दिसतो. पण गाडी लिफ्टवर चढवली की दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तरी चुरतो, असा अनुभव विशेषतः किनारपट्टीवरच्या वाहनमालकांना येतो. अशा गाडीवर खर्च करावा का आणि कोणती दुरुस्ती खरी मानावी?

हा प्रश्न आताच का?

मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते १० हजार रुपये केले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. एवढे पैसे भरल्यावर गाडी आणखी ५ वर्षे टिकणार का, हे शुल्क भरण्याआधीच पाहायला हवे.

सांगाडा म्हणजे नेमके काय?

बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ अशा गाड्यांना खाली स्वतंत्र चासी असते. १९८३ च्या मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ती नसते. त्यांची बॉडी हाच सांगाडा असतो. दाराखालची पोकळ तुळई म्हणजे सिल, इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे लाँग मेंबर, आडवे क्रॉस मेंबर, शॉकअब्सॉर्बर वर जिथे बसतो ती जागा, सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट बसतात तो फ्लोअर, हे सगळे भार पेलणारे भाग आहेत. दरवाजा किंवा बोनेट गंजले तर गाडी कुरूप दिसते. हे भाग गंजले तर अपघातात बॉडी घडी होऊन आत येऊ शकते आणि सीटबेल्ट मुळापासून उपटू शकतो.

गंज आतून का लागतो?

सिल आणि मेंबर आतून पोकळ असतात. आत गेलेले पाणी निघून जाण्यासाठी त्यांना तळाशी छोटी छिद्रे असतात. चिखलाने ती बुजली की पाणी आतच साचते. कोकणात पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने दमट असते, त्यात समुद्राचा खार. मीठ हवेतला ओलावा ओढून धरते, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा पत्राही गंजत राहतो. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी नेण्याची हौस आणि पार्किंगमध्ये साचणारे पुराचे पाणी यांनी भर पडते. एसीची पाण्याची नळी तुंबली तर पाणी गालिच्याखाली उतरते आणि फ्लोअर आतून सडतो. बाहेरच्या रंगावर फुगा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा संपलेला असतो.

लांबी भरून भागत नाही का?

अनेक ठिकाणी गंजाच्या भोकावर जाळी किंवा फायबर लावून वरून लांबी, म्हणजे पुटी, भरतात आणि काळे कोटिंग मारतात. दिसायला काम छान होते, पण लांबी भार पेलत नाही. गंज न काढता मारलेले जाड कोटिंग तर ओलावा आत कोंडते आणि सडणे वाढवते. गंज रूपांतरित करणारी रसायने वरवरच्या गंजावर चालतात. भोक पडलेल्या पत्र्याला त्यांचा उपयोग नाही.

खरी दुरुस्ती कशी असते?

सडलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापून काढावा लागतो. कापण्याआधी बॉडीला खालून आधार द्यावा लागतो, नाहीतर सांगाडा लवतो आणि नंतर दरवाजे नीट बसत नाहीत. नवा पत्रा मूळ जाडीचा आणि मूळ आकाराचाच हवा. जोडकाम सीओटू वेल्डिंगने, थोडे थोडे, जागा बदलत करावे. गॅसच्या ज्योतीची उष्णता दूरवर पसरते. त्यामुळे पत्रा वाकतो आणि नव्या गाड्यांतल्या उच्च ताकदीच्या पोलादाची ताकद उतरते. वेल्डिंगआधी बॅटरीची जोडणी काढणे आणि पेट्रोलची टाकी, नळ्या सुरक्षित करणे अत्यावश्यक. शेवटी प्रायमर, सांध्यांवर सीलर आणि पोकळीत आतून मेण फवारणे. ही शेवटची पायरी गाळली तर नव्या जोडापासूनच गंज पुन्हा सुरू होतो.

काम झाकले जाण्याआधीचे फोटो गॅरेजकडे मागा. पत्रा कापल्यावरचा, वेल्डिंगनंतरचा आणि कोटिंगआधीचा, असे तीन फोटो असले तरी काम कसे झाले ते कळते.

नियम काय पाहतात?

ब्रिटनमध्ये ३ वर्षांपेक्षा जुन्या मोटारीची दरवर्षी तपासणी होते. सस्पेंशन, सीटबेल्ट अशा महत्त्वाच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आत ताकद घटवणारा गंज आढळला तर गाडी नापास होते. लांबी भरून केलेली दुरुस्ती तिथे चालत नाही. आपल्याकडे खासगी मोटारीला पहिली १५ वर्षे फिटनेस तपासणीच नसते. फक्त पीयूसी आणि विमा लागतो. म्हणजे एवढा काळ गाडीच्या पोटाखाली कोणी अधिकृतपणे पाहत नाही. विम्यातही गंज हा झिजेचा भाग मानला जातो, त्यामुळे त्याचा दावा मिळत नाही.

आणखी एक अडचण चासी क्रमांकाची. नूतनीकरणात त्याची पेन्सिल प्रिंट द्यावी लागते. तो भाग गंजून क्रमांक पुसट झाला असेल तर आधी आरटीओशी बोलावे. परस्पर कापणे किंवा क्रमांक पुन्हा कोरणे म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय ओढवून घेणे.

मग निर्णय कसा घ्यावा?

नोंदणी संपण्याच्या चार-सहा महिने आधी गाडी लिफ्टवर चढवा. गालिचे काढून फ्लोअर पाहा, सिल आणि मेंबर हातोडीने हलके ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, बद्द आवाज आला तर आत सडलेला. सिलचा एखादा तुकडा किंवा फ्लोअरचा कोपरा गेला असेल तर दुरुस्ती परवडते. लाँग मेंबर आणि शॉकअब्सॉर्बरची बैठक दोन्ही बाजूंनी सडली असेल, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपुढे जातो आणि मूळची ताकद परत येईलच असे नाही. अशी गाडी रंगवून दुसऱ्याला विकणे म्हणजे धोका पुढे ढकलणे. अधिकृत भंगार केंद्रात दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राने राज्यांना दिली आहे. दुरुस्तीचा अंदाज, नूतनीकरणाचे शुल्क, कर आणि ही सवलत हे सगळे एका कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा.