प्रवासाची शिदोरी : ओसाकांतील बिऱ्हाड

जपानांतील ओसाका शहराहून एका भगिनीचें पत्र आलें आहे. यजमानांची नेमणूक तेथें सहा महिन्यांकरितां झाली असून येत्या वसंतांत सासूसासरे पंधरा दिवस राहावयास येणार आहेत. हा योग पुन्हां येईल असें वाटत नाहीं. तेव्हां टोकियो, हिरोशिमा, होक्कायडो असें सारें जपान त्यांस दाखवावें, अशी त्यांची इच्छा आहे. बेत कसा आंखावा, असें त्या विचारतात.

आमची पहिली विनंती हीच, कीं सारें जपान दाखविण्याचा हट्ट सोडावा. सत्तरीच्या माणसांस रोज नवें गांव आणि रोज नवें अंथरूण सोसत नाहीं. ओसाका तर असें मध्यवर्ती ठिकाण आहे, कीं सकाळीं निघून बरेंच कांहीं पाहावें आणि रात्रीं घरच्या वरणभातास परत यावें. एक दिवस हिंडावें, दुसरा दिवस विसांवा घ्यावा. वाचलेला वेळ हा वडिलांशीं बोलण्याचा वेळ होय.

ओसाका स्टेशनावरून ‘शिन-काइसोकु’ नांवाची जलद गाडी क्योतोस सुमारें अर्ध्या तासांत आणि हिमेजीस तासाभरांत पोहोंचविते. साध्या भाड्याहून अधिक पैसे पडत नाहींत. हिमेजीचा शुभ्र किल्ला मात्र वडिलांनीं खालूनच पाहावा. आंतील लांकडी जिने फार उभे आहेत व ते अनवाणी चढावे लागतात.

तिकिटांविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. परदेशी प्रवाशांसाठीं असलेला ‘जपान रेल पास’ अल्पकालीन पाहुण्यांस मिळतो. नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्यांस मिळत नाहीं. म्हणजे सासूसासऱ्यांस तो घेतां येईल, तुम्हां उभयतांस नाहीं! शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्यें त्याची किंमत बरीच वाढली. जवळपासच फिरावयाचें असल्यास त्याच्या नादीं लागूं नये. चौघांनीं ‘इकोका’ कार्ड घेऊन त्यांत पैसे भरून ठेवावे, म्हणजे झालें. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या आरंभापर्यंत तेथें सलग सुट्ट्या असतात व गाड्यांस अतोनात गर्दी होते. तो आठवडा टाळावा. मार्चची अखेर व एप्रिलचा आरंभ हा चेरीच्या बहराचा काळ.

खरी अडचण जेवणाची. आम्ही प्रथम गेलों तेव्हां ‘उदोन’ नांवाच्या जाड शेवयांचें सार दोन दिवस मोठ्या आवडीनें प्यालों. वर मासा दिसेना, मग शंका तरी कशी यावी? तिसऱ्या दिवशीं कळलें, कीं तें सार वाळविलेल्या माशाच्या अर्काचें असतें! ‘दाशी’ नांवाचा हा अर्क तेथें साध्या भाजींतही घालतात. म्हणून दशम्यांचा डबा बरोबर असावा. तो शहरी गाडींत उघडूं नये. बागेंत बसून खावा, आणि केरकचरा घरीं परत आणावा, कारण रस्त्यांत कचऱ्याची पेटी क्वचितच सांपडते.

आतां दोन स्थळें आम्ही आग्रहानें सांगतों. पहिलें नारा. ओसाकाहून तेथें जाण्यास तासही लागत नाहीं. तोदाइजी मंदिरांतील भव्य बुद्धमूर्तीचे नेत्र उघडण्याचा विधि इ. स. ७५२ मध्यें झाला, आणि तो आपल्या देशाहून गेलेल्या बोधिसेन नामक भिक्षूच्या हस्तें झाला. सासूबाईंस हें मूर्तीसमोर उभ्या असतांना सांगावें. बाहेरचीं हरिणें मात्र फार धीट. हातांतील कागद व पदर सांभाळावा.

दुसरें कोयासान. नाम्बा स्टेशनावरून सुमारें दीड-दोन तासांचा प्रवास. शेवटचा चढ दोरखंडाच्या गाडीनें. कूकाइ नामक आचार्यानें इ. स. ८१६ मध्यें हें क्षेत्र वसविलें. ठिकाण उंच असल्यानें वसंतांतही लोंकरीचे कपडे लागतात. येथें मात्र एक रात्र मठांत राहावें. मठाच्या परंपरागत जेवणांत मांसमच्छी नसते, आणि कांदालसूणही वर्ज्य. चातुर्मासाचें पान वाढल्यासारखेंच वाटतें. तरीही जागा ठरवितांना सार समुद्रवनस्पतीचें आहे ना, हें विचारून घ्यावें. गुडघे दुखत असल्यास खुर्चीची सोयही तेव्हांच विचारावी.

सकाळीं ओकुनोइनच्या स्मशानभूमींत जावें. उंच देवदारांखालीं दोन लाखांहून अधिक समाधि आहेत. पांच थरांच्या कित्येक समाधींवर सिद्धम् लिपींत पांच संस्कृत अक्षरें कोरलेलीं दिसतात : अ, व, र, ह, ख. हीं पृथ्वी, आप, तेज, वायु, आकाश यांचीं बीजाक्षरें. मामंजींस तीं बोटानें दाखवावीं. पंचमहाभूतें त्यांस कोणी शिकवावीं लागणार नाहींत. घराहून हजारों कोस दूर, परक्या अरण्यांतील शिळेवर, आपल्या ओळखीचें अक्षर भेटावें, याहून मोठी यात्रा ती कोणती? होक्कायडो राहिलें, याची हुरहूर मग त्यांस लागेल असें आम्हांस वाटत नाहीं.